टर्कीवरची तर्री

मी पुण्याची, शाकाहारी घरातली. लग्नाआधी अंड्याला हात लावला नव्हता आणि लग्नानंतरही केकमध्ये लपून जे काही पोटात गेलं असेल तेवढंच. हे नागपूरचे. ह्यांच्या घरी रविवारी मटण शिजलं नाही तर शेजारी विचारायला यायचे, कोणी आजारी आहे का म्हणून. लग्न ठरलं तेव्हाच आमचा तह झाला: स्वयंपाकघर माझं, मटण तुमचं, आणि तुमची भांडी माझ्या भांड्यांना शिवणार नाहीत. न्यू जर्सीत घर घेतल्यावर ह्यांनी गॅरेजमध्ये एक गॅसची शेगडी आणि कुणीतरी टाकून दिलेला ओव्हन बसवला. जन्मभर पूल बांधलेला माणूस, ओव्हन बसवणं म्हणजे हातचा मळ. तेव्हापासून दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या टर्कीचा आमच्या गॅरेजमधून असा काही वास सुटायचा की कुत्रं फिरवायला निघालेले शेजारी थांबून चौकशी करायचे.

ह्यांची टर्की अमेरिकन नव्हतीच मुळी. दह्यात, आलं-लसणात आणि ह्यांच्या थोरल्या बहिणीने नागपूरहून पाठवलेल्या काळ्या मसाल्यात ती रात्रभर मुरायची. खाली जो रस उतरायचा त्याची हे झणझणीत लाल तर्री करायचे, वर बोटभर तेलाचा तवंग, आणि तिला मोठ्या ऐटीत ‘ग्रेव्ही’ म्हणायचे. आमची लेक किंडरगार्टनमध्ये असताना तिने थँक्सगिव्हिंगच्या चित्रात ग्रेव्ही लालभडक रंगवली. टीचरने तपकिरी क्रेयॉन हातात दिला तर ही रडत घरी आली. हे म्हणाले, “टीचरले सांग, एक दिवस जेवायला या म्हणा.” मी माझ्या स्वयंपाकघरात मसालेभात करायची, क्रॅनबेरीचा मेथांबा करायची आणि पम्पकिन पायच्या ऐवजी भोपळ्याच्या घाऱ्या. घाऱ्या मला स्वतःला फार आवडतात. सगळ्यांचं झाल्यावर कढईतली शेवटची गरम घारी हे माझ्या ताटात आणून टाकायचे. तेवढ्यासाठी त्या दिवशी त्यांना माझ्या स्वयंपाकघरात यायची परवानगी होती.

मुलं शाळेतून आणखी एक रीत शिकून आली. जेवण सुरू करण्याआधी प्रत्येकाने सांगायचं, आपण कशाबद्दल थँकफुल आहोत. लेक सांगायची, लेक झाल्यावर मुलगा सांगायचा, मी सांगायची. ह्यांची पाळी आली की हे टर्कीकडे बोट दाखवायचे. “हिला थँक्यू. बिचारीने जीव दिला.” मुलं ओरडायची, “बाबा! से इट टू आई!” त्यावर ह्यांचं उत्तर ठरलेलं. “आपल्या माणसाला कोणी थँक्यू म्हणतं का? थँक्यू परक्याला. तुमची आई काय परकी आहे?”

मला राग यायचा. खोटं कशाला सांगू, चांगलाच यायचा. इथल्या बायकांना नवरे ऊठसूट थँक्यू म्हणतात, कॉफीचा कप उचलून दिला तरी म्हणतात. “उभा जन्म पोळ्या लाटल्या तुमच्यासाठी, एकदा म्हणालात तर जीभ झडेल का?” असं मी म्हणायची. हे नुसते हसायचे आणि ती घारी ताटात टाकायचे.

मग ह्यांना विसरायला होऊ लागलं. आधी माणसांची नावं गेली. मग ज्या रस्त्यावर रोज गाडी चालवली त्या रस्त्यावरचं आपलं घर सापडेना. डॉक्टरांनी काय ते नाव सांगितलं, औषधं दिली आणि औषधांनी फारसं काही होणार नाही हेही सांगितलं. रिटायर होऊन आम्ही युरोप बघणार होतो. राहिलं ते. मी ह्यांना अंघोळ घालायला शिकले, दाराला वरती कडी लावायला शिकले. चिडचिड व्हायची, रडूही यायचं, पण माणूस घरात होता. रात्री कूस बदलली की हाताला लागत होता. मला तेवढं पुरत होतं.

त्या वर्षी ऑक्टोबरात एका सकाळी मी दूध तापवत होते आणि वरची कडी लावायची राहिली. हे घरातल्या सपाता घालून निघाले ते मोठ्या रस्त्यापर्यंत पोचले. ओळखीच्या एका काकूंनी गाडीतून पाहिलं म्हणून निभावलं. मी ही गोष्ट मुलांना सांगणार नव्हते, पण काकूंनी लेकीला फोन केला. आपल्या लोकांमध्ये काही लपून राहतं का?

लेक अ‍ॅशबर्नला, गाडीने चार-पाच तासांवर; मुलगा बेलव्ह्यूला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. दोघांचा एकदम व्हिडिओ कॉल आला तेव्हाच मी ओळखलं. “आई, यू कान्ट डू धिस अलोन,” मुलगा म्हणाला. लेकीने आमच्या घरापासून जवळच एक मेमरी केअरची जागा शोधून ठेवली होती. अशी आठवण गेलेली माणसं तिथे कायमची राहतात, चोवीस तास बघणारं कोणीतरी असतं, दारांना कुलपं असतात. जागा चांगली होती, जेवायला शाकाहारीसुद्धा मिळत होतं. मी म्हटलं, तुमच्या बाबांना शाकाहारी कशाला हवंय? कोणी हसलं नाही. “थँक्सगिव्हिंगला आम्ही दोघं येतो,” लेक म्हणाली, “तेव्हा डिसाइड करू.” जावई नाही, सून नाही, नातवंडं नाहीत, दोघंच येणार. म्हणजे ठरवूनच येणार होते ते.

मीही ठरवलं. त्या दिवशी ह्यांच्या हातची टर्की टेबलावर यायला हवी. हे उभे राहून ती कापतील, मुलं बघतील, आणि बाबा अजून आहेत हे त्यांना आपोआप कळेल. डॉक्टरच म्हणाले होते, हातांना जुनी सवय असते, ती सगळ्यात शेवटी जाते. आता ह्यांना टर्की आठवायची म्हणजे निम्मी कामं मलाच करावी लागणार होती. म्हटलं, करू. देवाने विचारलं तर सांगू, तह नवऱ्याने मोडला.

नणंदबाईंच्या मसाल्याचा स्टीलचा डबा फ्रीजरमध्ये होता. त्या गेल्या त्याला दोन वर्षं झाली, त्यामुळे तो त्यांच्या हातचा शेवटचा मसाला. डबा उघडला तर तळाशी जेमतेम एका टर्कीपुरता उरला होता. आयसेलिनच्या भारतीय दुकानातून नवा आणता आला असता, पण तिथला मसाला नागपूरचा म्हणून ह्यांच्या नाकाला फसवता आलं नसतं. निदान मला तसं वाटत होतं.

बुधवारी दुपारी मी गॅरेजमध्ये वर्तमानपत्रं पसरली, हातमोजे घातले आणि बर्फ सुटलेली टर्की पिशवीतून काढली. ई! तो थंड, बुळबुळीत, पांढराफटक जीव हाताला लागला. मी एकीकडे रामरक्षा म्हणत होते. हे स्टुलावर बसून बघत होते, एखाद्या दुकानात आल्यासारखे. मी दही ओतलं, आलं-लसूण घातलं आणि डबा उघडून ह्यांच्या नाकाजवळ धरला. हे हुंगत राहिले. मग उठले, बाह्या वर केल्या आणि मला कोपराने बाजूला सारलं. “असं गोंजारून काय होतं बाप्पा? चोळावं लागते.” आणि कातडीखाली बोटं घालून, मांड्यांच्या खाचांत अंगठे दाबून, अगदी पूर्वीसारखा त्यांनी मसाला चोळला. आत हात घालून कलेजी-बिलेजी भरलेली एक कागदी पुडीही बाहेर काढली. ती तिथे असते हे मला ठाऊकच नव्हतं! मी तिथेच हातमोज्यांसकट उभी राहून रडले. आनंदाने रडले. म्हटलं, झालं आपलं काम.

गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, सकाळपासून ओव्हन लागला. दुपारी मुलं आली. मुलाला पाहून हे म्हणाले, “या, बसा.” मुलगा बॅग हातात धरून तसाच उभा राहिला. मी घाईघाईने म्हटलं, “अरे, सकाळपासून काम करून दमलेत. टर्की केलीय त्यांनी!” लेकीने माझ्याकडे बघितलं. माझ्या वजनाबद्दल काहीतरी म्हणाली फक्त.

तर्री करायची वेळ आली तेव्हा खरी पंचाईत झाली. मी ती चाखणार नाही. नैवेद्याचा स्वयंपाक न चाखता करायची मला सवय आहे, पुरणाच्या वासावरून मी गूळ सांगू शकते, पण मांसाच्या रसाला किती मीठ लागतं हे माझ्या सात पिढ्यांत कोणाला माहीत नव्हतं. मी चमच्यात घेऊन ह्यांना दिली. हे म्हणाले, “मीठ कमी आहे.” मी घातलं, ढवळलं, पुन्हा दिली. “मीठ कमी आहे.” पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा तेच म्हणाले, त्याच सुरात, मान तशीच हलवून, तेव्हा मला शंका यायला हवी होती. आलीही असेल. पण ह्या घरात टर्कीबद्दल शेवटचा शब्द त्यांचा होता, आणि नेमक्या त्या दिवशी तो त्यांच्याकडून काढून घ्यायचं मला जमलं नाही. मी मीठ घातलं.

टेबलावर मी सगळं मांडलं. मसालेभात, मेथांबा, मक्याची उसळ, मुलासाठी क्रेसेंट रोलचे पाव. मधोमध टर्की, लालसर काळी, चकचकीत. मी ह्यांच्या हातात सुरी दिली. हे उभे राहिले, मांडीचा सांधा बोटाने चाचपला आणि एका झटक्यात मांडी सुटी केली. मग छातीचे काप, एकसारखे, पातळ. मुलगा टक लावून बघत होता. त्याचे डोळे भरून आले. “आई,” तो हळूच म्हणाला, “ही इज डूइंग सो वेल.” टेबलाखाली माझी मूठ आवळलेली होती. जिंकले होते मी!

मग जेवण सुरू झालं. मुलाने तर्रीत रोल बुडवून पहिला घास घेतला, आणि थांबला. लेकीनेही घेतला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “इट्स ग्रेट, बाबा,” मुलगा म्हणाला आणि पाण्याचा ग्लास रिकामा केला. लेकीने पण केला. मी जग भरून आणला, तोही संपला. कोणी मिठाचं नाव काढलं नाही. लहानपणी वरणात हिंग जास्त झाला तरी घर डोक्यावर घेणारी ही कार्टी, आज शहाण्यासारखी खारट आगर गिळत होती. हे मात्र बोटं चाटून जेवत होते. मी टेबलावर वाढत होते. ह्यांच्याकडे लक्ष ठेवायचं, पुसायचं असायचं, म्हणून तेव्हा मी मागाहून जेवायची. त्या दिवशी तर सकाळपासून घशाखाली काही उतरलंच नव्हतं.

रीत राहिली होती. लेक म्हणाली, “आय अ‍ॅम थँकफुल वुई आर ऑल हिअर.” मुलगा म्हणाला, बाबांच्या टर्कीसाठी. मग दोघं ह्यांच्याकडे बघायला लागली, जुन्या सवयीने, हे आता टर्कीकडे बोट दाखवणार म्हणून. मीसुद्धा बघत होते.

हे खुर्ची मागे सारून उभे राहिले. शर्ट नीट केला. माझ्याकडे वळले, दोन्ही हात जोडले आणि मान लववून म्हणाले, “वहिनी, फार छान जेवण झालं. तुम्ही आग्रहाने वाढलं. खूप खूप थँक्यू. अन्नदाता सुखी भव.”

पाहुणे म्हणतात ना तसं. दुसऱ्याच्या घरी पंगतीला बसलेला माणूस उठताना म्हणतो तसं.

मुलगा टाळ्या वाजवायला लागला. “आई! ही सेड इट! ही फायनली सेड थँक्यू टू यू!” त्याचा चेहरा लहानपणी व्हायचा तसा झाला होता. मग तो बहिणीकडे वळून भराभरा बोलायला लागला. आपण उगाच घाबरलो, बाबा आपल्याला वाटलं त्याहून पुष्कळ बरे आहेत, घरीच मदतीला कोणीतरी ठेवू, स्प्रिंगपर्यंत थांबू. मला जे हवं होतं ते सगळं तो बोलत होता. लेकीला मराठी जास्त कळतं. तिने ‘वहिनी’ ऐकलं होतं. ती खाली मान घालून काट्याने भात चिवडत बसली. मी सांगेपर्यंत ती बोलणार नव्हती, एवढी माझी लेक आहे ती.

आणि मी गप्प बसणारच होते. देवाशप्पथ बसले असते. पण हे दाराकडे गेले आणि कपाटातून बूट काढायला लागले.

मी मागे गेले. “अहो, कुठे निघालात?”

“घरी,” हे म्हणाले. “उशीर झाला. आमची बायको वाट पाहत असेल. ती पुण्याची आहे, उशिरा गेलो का बोलून घेते.” स्वतःशीच हसले. मग बुटाची नाडी तशीच सोडून माझ्याकडे वर बघितलं आणि संकोचाने म्हणाले, “वहिनी, एक विचारू का? शाकाहारी काही असेल तर थोडं बांधून द्याल? ती मी गेल्याशिवाय जेवत नाही. सकाळपासून उपाशी असेल.”

मी काय सांगू तेव्हा मला काय झालं. इतकी वर्षं त्या एका थँक्यूसाठी भांडले. आणि आलं ते असं आलं, माझ्या नवऱ्याने दुसऱ्या कोणा बाईला म्हटल्यासारखं. आणि ज्या बाईसाठी तो डबा मागत होता, तिचा मला हेवा वाटला. मीच ना ती? मीच. पण ती कुठे राहते हे आता त्यांनाच ठाऊक होतं.

मी आत जाऊन घाऱ्या तळल्या. पीठ मळून ठेवलेलं होतंच. चार घाऱ्या डब्यात भरल्या आणि आणून दिल्या. “घाऱ्या!” हे म्हणाले. “तिच्या फार आवडीच्या.” आणि पुन्हा म्हणाले, “थँक्यू.”

मुलगा दारात आला होता. “व्हेअर इज ही गोइंग?”

आता बोलणं भाग होतं. मी त्याला इंग्रजीतून सांगितलं, एकेक वाक्य, अगदी सावकाश, कारण मराठीत सांगताना माझा बांध फुटला असता. बाबांना वाटतंय मी त्यांची यजमानीण आहे. त्यांची बायको घरी उपाशी आहे. ते तिच्याकडे निघालेत. ऑक्टोबरातही बहुतेक तिच्याकडेच निघाले होते. मुलाचा चेहरा हळूहळू उतरत गेला तो बघवला नाही मला. त्याने जाकीट चढवलं, खाली बसून बाबांच्या बुटाची नाडी बांधली आणि त्यांचा हात धरून बाहेर गेला.

लेक आणि मी खिडकीत उभ्या राहिलो. बाहेर कडाक्याची थंडी, सगळ्यांच्या घरासमोर पाहुण्यांच्या गाड्या. हे डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून चालले होते आणि प्रत्येक घरापाशी थांबून नंबर बघत होते. आपल्या घरापाशी नाही थांबले. मला तेव्हा कळून चुकलं. मी कितीही कड्या लावल्या तरी हे निघणार. त्यांना माझी काळजी आहे म्हणूनच निघणार, मी कुठेतरी उपाशी बसले आहे म्हणून बर्फात, रात्री, गाड्यांच्या गर्दीत निघणार. आणि मी इथे आहे, अहो इथे आहे मी, असं किती ओरडले तरी त्यांना ते पटणार नाही.

“आई,” लेक म्हणाली, “वुई डोन्ट हॅव टू डिसाइड टुडे.”

“आजच,” मी म्हटलं. “उद्या माझं मन बदलेल.”

कोपऱ्यापर्यंत जाऊन मुलगा त्यांना फिरवून गॅरेजच्या दाराने आत घेऊन आला. तिथे शेगडीपाशी, त्या मसाल्याच्या वासात, हे क्षणभर थबकले. मग स्वयंपाकघरात आले. मी ओट्याशी उभी होते. त्यांनी डब्याचं झाकण काढलं, एक घारी उचलली आणि समोरच्या रिकाम्या ताटात टाकली. “थंड झाली,” म्हणाले. “जेव तू.” मी त्यांच्यासमोर बसून जेवले. मुलं दारात उभी होती आणि मी खाली बघून ती घारी संपवली.

जानेवारीत ह्यांना तिकडे नेलं. मी दर रविवारी डबा घेऊन जाते. माझ्या ताटात घारी टाकल्याचा तो दिवस पुन्हा आला नाही. तिथले लोक चांगले आहेत, ह्यांना स्वच्छ ठेवतात. मी डबा उघडून देते, हे नीट खातात, रुमालाला हात पुसतात आणि हात जोडून म्हणतात, “थँक्यू, वहिनी.” पहिले काही महिने मी म्हणायची, अहो, आपल्या माणसाला कोणी थँक्यू म्हणतं का? त्यावर हे गोंधळून जायचे, काही चुकलं का म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहायचे, आणि पुढचा घास तसाच हातात राहायचा. जेवताना माणसाला असं अवघडवू नये.

आता मी ‘यू आर वेलकम’ म्हणते.